सरस

सांगलीत बोटं पिवळी असली तर कुणी विचारत नाही.
हळदीचं गाव.
तवनाप्पा मगदूम त्या आडोशानं एकवीस वर्षं राहिले.
त्यांचा पिवळा बायक्रोमेटचा होता,
नखाच्या मुळाशी भोकं पाडणारा.
रात्री खोबरेल लावून बसायचे,
बायकोला सांगायचे, सौद्यात हात घातला होता.

गणपती पेठेच्या मागं, तेलघाण्याच्या माडीवर
एक हातदाब, एक भट्टी,
चाळीस जाड काचा, आणि मी.
पाटीवर कॉलोटाइप लिहिलं होतं.
गिऱ्हाईक म्हणायचं, काचेवरचा फोटो.

मगदूम जैन. दिवस बुडायच्या आत जेवायचे,
पाणी गाळून प्यायचे,
आणि छापायचे हाडांच्या सरसावर.
पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन बोलले,
घरातलं कर्ज सांगावं तशा आवाजात :
"दस्तगीर, भिजवणं, वितळवणं, ओतणं तुझ्याकडं.
उजेड माझ्याकडं."
मी तेरा वर्षांचा. मला वाटलं, सोपं काम मिळालं.

भट्टीत काच सुकताना कुणी शिंकायचं नाही.
घाण्याचा बैलसुद्धा खाली थांबवायचा.
मग सरसावर सुरकुत्या पडायच्या,
इतक्या बारीक की भिंगाशिवाय दिसायच्या नाहीत.
शाई त्यांच्यात जाऊन बसायची.
निगेटिव्हखाली ऊन जिथं पोचलं तिथं सरस घट्ट,
तिथं काळं.
नाही पोचलं तिथं तो पाणी पिऊन फुगायचा
आणि शाईला नको म्हणायचा.
ठिपका कुठंच नाही.
गालावरून हनुवटीकडं सावली उतरायची
जशी संध्याकाळ उतरते, पायऱ्या न दिसता.

पावसाळी हवेत छपाई बंद.
चैत्रात ग्लिसरीन जास्त.
चारशे कागद निघाले की सरस थकायचा,
डोळे आधी जायचे.
मग सोड्याच्या पाण्यात काच घालून
मी माणसं घासायचो.
तासगावचे वकील, बुधगावची नवरी,
एका पहिलवानाची छाती.
काच स्वच्छ, उद्या दुसरं कुणी.

कोल्हापुरातून जस्ताचे ब्लॉक यायला लागले.
स्वस्त. उन्हाची, दमट हवेची, कशाची भीती नाही.
मगदूमांनी एक नमुना भिंगाखाली धरला,
बराच वेळ बघितला, आणि म्हणाले,
"देवी आल्यात सगळ्यांना."
त्या दिवाळीला हातदाब भंगारात गेला.
काचा चौकटीवाल्यानं नेल्या.
अजून पेठेत काही खिडक्या जाड आहेत.

एक काच मी ठेवली होती. न घासलेली.
कशाची होती ते विसरलो होतो, खरं सांगतो.

एकोणीसच्या पुरात माडीच्या वर पाणी आलं.
आठ दिवसांनी फळीवरून ती उतरवली,
चिखल धुतला, आणि बोटाखाली काहीतरी लागलं.
सरस फुगला होता.
एवढ्या वर्षांनी त्याला पाणी मिळालं होतं
आणि तो आपलं काम करत होता.

लेकाच्या गॅरेजातलं काळं वंगण घेतलं,
चिंधीची गुंडी केली, थोपटत गेलो.
हाताला आठवत होतं, मला नव्हतं.
नातीच्या चित्रकलेच्या वहीचा कागद,
वर पाट, पाटावर मी स्वतः उभा.

एक पंजा आला.
गिऱ्हाइकाचा नाही. ऊन मोजायला कधीतरी
कॅमेऱ्यापुढं धरलेला, मगदूमांचा.
नखाच्या मुळाशी तीन भोकं, काळी, स्पष्ट.
पिवळं अर्थातच नाही. पिवळं छापता यायचं नाही.
चाचणीची काच, म्हणून निगेटिव्ह उलटली नव्हती.
त्यांचा उजवा कागदावर डावा होऊन आला होता.

नात म्हणाली, "हा तुमचाच हात आहे ना, दादा?"
मी माझा डावा त्याच्यावर ठेवून बघितला.
बोटं थोडी आखूड पडली.

काच अजून ओली आहे.
सोडा घरात आहे.